व्हायोलिन बनवायला शिकण्यासाठी क्रेमोनालाच जायला हवं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: हे काम शिकायला इटलीत क्रेमोनालाच जायला हवं का, आणि तिथे गेल्यावर स्त्रादिवारीचं, म्हणजे तिथल्या सर्वांत नावाजलेल्या जुन्या व्हायोलिन-कारागिराचं, गुपित कळतं का? मी तिथेच शिकलो, म्हणून लिहितो.

गुपिताचं आधी. नाही कळत, कारण सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने तिथे हे काम उभं केलं. १७३७ मध्ये स्त्रादिवारी गेला, १७४४ मध्ये तिथलाच दुसरा मोठा कारागीर ग्वार्नेरी 'देल जेजू' गेला, आणि पुढच्या काही दशकांत गुरू-शिष्यांची साखळी जवळजवळ तुटली. स्त्रादिवारीचे साचे, आराखडे, हत्यारं वारसांनी कोत्सिओ नावाच्या एका संग्राहक काउंटला विकली. बरीच फिरून ती जुझेप्पे फियोरिनी या कारागिराकडे आली आणि त्याने १९३० मध्ये शहराला देऊन टाकली. व्हायोलिन बनवणं शिकवणारी शाळा निघाली १९३८ मध्ये. तेव्हा 'शतकानुशतकांची अखंड परंपरा' हे वाक्य पर्यटकांसाठी ठीक आहे. आजची विद्या बरीचशी त्या साच्यांवरून आणि जुनी वाद्यं मोजून-तपासून पुन्हा उभी केलेली आहे. मला तर हे जास्त कौतुकाचं वाटतं.

आणि जुन्या वाद्यांच्या आवाजाला तोड नाही, या दंतकथेबद्दल: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ अनुभवी वादकांना कोणतं वाद्य जुनं, कोणतं नवं हे दिसू न देता वाजवायला दिलं, तर बहुतेकांनी नव्यालाच पसंती दिली.

शिकणं म्हणजे सुरुवातीला नुसती धार लावणं. पटाशी, रंधा, स्क्रेपर (लाकूड खरवडायची पाती), सगळ्यांना. कंटाळा येतो, पण बोथट हत्याराने स्प्रूसचे (वरच्या तक्त्याच्या मऊ लाकडाचे) तंतू कापले न जाता फाटतात, हे एकदा दिसलं की तक्रार थांबते. मग आतल्या साच्याभोवती बाजूच्या पट्ट्या. मेपलच्या, जेमतेम १ मिमी जाडीच्या, ओलावून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. लाकडावरच्या ज्या लाटा दिसायला सुंदर, नेमक्या तिथेच पट्टी तडकते. वरचा तक्ता स्प्रूसचा, साधारण अडीच-तीन मिमी. पाठ मेपलची, मध्ये जाड, कडेकडे पातळ होत जाणारी. काठालगतची काळी-पांढरी-काळी रेघ रंगवलेली नसते. खाच कोरून लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, म्हणजे कडेची चीर आत सरकत नाही. चिकटवायला प्राण्यांच्या कातडीपासूनचा सरसच, कारण उद्या दुरुस्तीसाठी तक्ता सुरीने उघडता आला पाहिजे. फेव्हिकॉलवाल्या मंडळींना हे पटत नाही.

मग क्रेमोनाच का? तिथे शंभराहून जास्त कार्यशाळा आहेत, म्हणून. कोरलेली गुंडाळी (व्हायोलिनच्या मानेच्या टोकाचं वळणदार नक्षीकाम) पिशवीत घालून दोन गल्ल्या चालत गेलात की कुणीतरी ती उजेडात फिरवून, काहीही न विचारता, डावीकडचा दुसरा वेढा जड झालाय म्हणून सांगतं. असे डोळे फुकट मिळणारं दुसरं शहर मला माहीत नाही. चांगल्या शाळा मात्र इतरत्रही आहेत: जर्मनीत मिटेनवाल्डला १८५८ पासून, इंग्लंडमध्ये न्यूअर्कला.

इटालियन शिकूनच जा. क्रेमोनाची शाळा सरकारी आहे आणि शिकवणं इटालियनमध्ये चालतं. 'हाताच्या कामाला भाषा कशाला' म्हणत आलेले लोक पहिलं वर्ष मान डोलावण्यात घालवतात.

पैशाचं बोलायचं तर एक कारागीर वर्षाला साधारण ३ ते ६ वाद्यं पुरी करतो. एका वाद्यात ७० च्या वर तुकडे असतात आणि वॉर्निशला घाई चालत नाही. नाव होईपर्यंत घर चालतं ते बो-ची (वाजवायच्या गजाची) केसं बदलणं, ब्रिज (तारा उचलून धरणारी घोडी) बसवणं, साउंडपोस्ट (आतली उभी काडी) नीट करणं यावर. या कामांचा कंटाळा असेल तर पुन्हा विचार करा. आणि मन नवं बनवण्यापेक्षा जुनं वाचवण्यात रमत असेल, तर पाव्हिया विद्यापीठाचा वाद्य-संवर्धनाचा अभ्यासक्रमही क्रेमोनातच चालतो. अर्ज करण्याआधी तोही बघून घ्या.