आवाजी को-पायलटला नेमकं काय सांगायचं आणि काय स्वतः करायचं

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) एअरबस ए३२० उडवताना आवाजी को-पायलट, म्हणजे बोललेला हुकूम ऐकून स्विच हलवणारा प्रोग्राम, कधी कधी ऐकतच नाही, कधी सांगितलेल्या आकड्याऐवजी भलतीच उंची लावतो, आणि अप्रोचमध्ये, म्हणजे उतरायला येताना, त्याने दिलेले फ्लॅप्स (पंखांचे खाली सरकणारे भाग) आपोआप मागे जातात. त्यावर तुम्ही विचारलंय की हे सगळं काढून पुन्हा कीबोर्डवर जावं का. माझं मत, जाऊ नका. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही सुटतात. मात्र तुमच्या वर्णनावरून दिसतंय की तुम्ही प्रत्येक बटण, प्रत्येक नॉब आवाजावर टाकलाय. ते कमी करावं लागेल.

आधी फ्लॅप्सचं घेतो, कारण त्याचा आवाजाशी काहीच संबंध नाही. तुमच्या थ्रॉटल क्वाड्रंटवर (इंजिनची शक्ती बदलणाऱ्या दांड्यांच्या पेटीवर) फ्लॅप्सचा वेगळा दांडा आहे आणि तो सिममध्ये ॲक्सिस म्हणून, म्हणजे आपली जागा सतत कळवणारा दांडा म्हणून, जोडलेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. को-पायलट सिमला सांगतो, फ्लॅप्स १. सिम ते करतो. पण तुमचा खरा दांडा अजून शून्यावरच आहे. त्यातला सेन्सर किंचित जरी थरथरला, तरी सिमला नवा निरोप जातो: दांडा शून्यावर आहे. झाले फ्लॅप्स वर. ॲक्सिसला डेडझोन (किंचित हालचाल दुर्लक्षित करण्याची मर्यादा) वाढवून हे कमी होतं, पण पूर्ण जात नाही. को-पायलटसोबत उडवायचं असेल तर फ्लॅप्सचा ॲक्सिस सरळ काढून टाका आणि दोन साधी बटणं ठेवा, एक पायरी वर आणि एक पायरी खाली. ती तातडीसाठी. स्पॉइलरचा (वेग कमी करणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांचा) दांडा आणि चाकांचा स्विच यांनाही हेच लागू. को-पायलटने चाकं वर घेतली आणि तुमचा स्विच खालीच राहिला, तर पुढच्या वेळी तो हलवताना दोघांचं गणित उलटं झालेलं असतं.

याच जातीचा आणखी एक घोळ तपासा. सिमच्या स्वतःच्या मदतीच्या सेटिंग्ज चालू असतील, म्हणजे रेडिओ सांभाळणारा किंवा चेकलिस्ट आपोआप पूर्ण करणारा सिमचा सहवैमानिक, तर एकाच स्विचवर दोन हात पडतात. काही स्विचेस टॉगल असतात: एकाने चालू केला की दुसरा बंद करतो. आवाजी को-पायलट ठेवायचा तर बाकीची सगळी मदत बंद.

आता ऐकण्याचं. मल्टी क्रू एक्सपिरियन्स किंवा एफएस-टू-क्रू यांसारखा तयार को-पायलट असो किंवा व्हॉइसअटॅक या आवाजी हुकमांच्या प्रोग्रामवर स्वतः बांधलेली प्रोफाइल (हुकमांचा संच) असो, यातलं बहुतेक काम मुळात विंडोजच्या आवाज ओळखणाऱ्या इंजिनवर चालत आलंय. असा प्रोग्राम आपलं बोलणं समजून घेत नसतो. त्याच्याकडे ठरलेल्या वाक्यांची यादी असते, तुमचा आवाज त्यातल्या कुठल्या वाक्याच्या सर्वांत जवळ जातो ते तो बघतो आणि खात्रीचा एक आकडा काढतो. तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर हुकूम अमलात येतो, खाली राहिला तर काहीच होत नाही. हे लक्षात घेतलं की उपाय आपोआप सुचतात. यादी जितकी छोटी, तितकी चूक कमी. एकमेकांसारखी वाटणारी वाक्यं यादीत नकोत. कधीच न वापरलेले हुकूम काढून टाका, कारण तुम्ही खोकलात तर तो खोकलासुद्धा त्याच यादीत बसवायचा प्रयत्न होतो.

माइक हेडसेटचाच हवा. स्पीकर चालू ठेवून टेबलावरच्या माइकमध्ये बोलत असाल, तर इंजिनांचा आवाज आणि विमान उतरताना स्वतः पुकारतं ते उंचीचे 'फिफ्टी, फॉर्टी, थर्टी' हेसुद्धा माइकमध्ये जातात. माइकची पातळी चढी ठेवू नका. फाटलेला आवाज इंजिनला हळू आवाजापेक्षा जास्त अवघड जातो. विंडोजमध्ये भाषा निवडताना अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीखेरीज भारतीय इंग्रजीचाही पर्याय असतो. तुमचा प्रोग्राम तो स्वीकारत असेल तर लावून बघा. नसेल तर उगाच परदेशी धाटणीने बोलायला जाऊ नका. त्या ओढाताणीत दर वेळी उच्चार वेगळा येतो, आणि इंजिनला चांगल्या उच्चारापेक्षा एकसारखा उच्चार हवा असतो. तुमच्या विंडोजमध्ये आवाज शिकवायचा सराव असेल, तर तो त्याच हेडसेटवर पूर्ण करा.

आणि बटण दाबूनच बोला. सतत ऐकणारा माइक सुरुवातीला सोयीचा वाटतो, पण तुम्ही व्हॅटसिमवरही, म्हणजे खरी माणसं कंट्रोलर असलेल्या ऑनलाइन नेटवर्कवरही, उडता असं लिहिलंय. तिथे कंट्रोलरला 'डिसेंड फ्लाइट लेव्हल वन टू झिरो' (अमुक उंचीपर्यंत खाली येतो) असं परत वाचून दाखवताना को-पायलट तेच ऐकून उंची बदलू शकतो. जॉयस्टिकवर दोन वेगळी बटणं हवीत, एक रेडिओचं आणि एक को-पायलटचं, तीही वेगवेगळ्या बोटांखाली. बटण दाबल्यावर क्षणभर थांबा आणि वाक्य संपल्यावर मगच सोडा. पहिलं अक्षर कापलं गेल्याने जितके हुकूम वाया जातात तितके क्वचितच दुसऱ्या कशाने जात असतील.

काही वेळा तो ऐकतो, पण मुद्दाम करत नाही. एका विशिष्ट विमानासाठी बनवलेले प्रोग्राम टप्प्याटप्प्याने चालतात. आधीची चेकलिस्ट अर्धवट राहिली असेल तर पुढची मागितली तरी तो सुरू करत नाही. तुमच्या 'ऐकत नाही' पैकी बऱ्याच घटना मला या प्रकारातल्या वाटतात. प्रोग्रामची हिरवी पट्टी किंवा लॉगची खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर उघडी ठेवा. वाक्य ओळखलं गेलं होतं की नाही हे तिथे लगेच कळतं.

आकड्यांसाठी एकच सवय लावा: एकेक अंक सुटा बोलायचा. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत माणसांचीही गल्लत होते, म्हणून तर रेडिओवर दिशा, फ्लाइट लेव्हल (उंची), क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) बहुतेक सगळं सुटं बोलतात. 'हेडिंग वन फाइव्ह झिरो.' 'क्यूएनएच वन झिरो वन थ्री.' मग त्याचं उत्तर ऐका, आणि तरीही डोळ्यांनी एफसीयूच्या (ऑटोपायलटला उंची, दिशा, वेग देणाऱ्या पॅनेलच्या) खिडकीत आकडा बघा. तो जे परत बोलतो ते त्याने ऐकलेलं असतं. विमानात खरोखर काय लागलं हे फक्त खिडकी सांगते. सिमचं किंवा विमानाचं नवं अपडेट आलं की स्विचेसची आतली नावं (व्हेरिएबल्स) बदलू शकतात आणि को-पायलट आत्मविश्वासाने 'सेट' म्हणतो, पण नॉब जागचा हललेला नसतो. प्रत्येक अपडेटनंतर पार्किंगमध्येच उभं राहून फ्लॅप्स, दिवे, उंची, दिशा एवढं तपासून घ्यावं.

आता मला खरं सांगायचंय त्याकडे येतो. तुम्ही ऑटोपायलट चालू असतानाही उंची आणि दिशा बोलून लावताय. एअरबसमध्ये दोन माणसांची वाटणी साधारण अशी असते: ऑटोपायलट चालू असेल तर विमान उडवणाराच एफसीयूचे नॉब फिरवतो. ऑटोपायलट बंद असेल, हात साइडस्टिकवर (विमान वळवणाऱ्या दांड्यावर) असेल, तर तो सांगतो आणि दुसरा लावतो. चाकं आणि फ्लॅप्स मात्र दोन्ही वेळा सांगूनच. ही वाटणी तशीच्या तशी घ्या. क्रूझमध्ये बोलायचं जवळपास काहीच राहत नाही, आणि जिथे बोलायचं असतं तिथे तुमचे हात आणि डोळे खरोखर गुंतलेले असतात. आवाजी को-पायलटची किंमत तिथे कळते. माझ्या मते हे सॉफ्टवेअर घेण्याचं सर्वांत मोठं कारण हात मोकळे राहणं हे नाहीच. ठरलेल्या वेळी ठरलेलं वाक्य बोलावं लागतं, त्यामुळे विमानाच्या पुढे विचार करायची सवय लागते. चाकं वर घ्यायला कीबोर्डवर 'जी' दाबताना व्हर्टिकल स्पीडकडे (वर चढण्याच्या वेगाकडे) बघितलं नाही तरी चालून जातं. 'पॉझिटिव्ह क्लाइम्ब' ऐकू आल्यावर, खात्री करून 'गिअर अप' म्हणताना तसं होत नाही.

टेकऑफला हे छान जमतं. तो 'थ्रस्ट सेट' म्हणतो, 'वन हंड्रेड नॉट्स' (ताशी १०० सागरी मैल) म्हणतो, तुम्ही 'चेक्ड' म्हणता, मग व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ थांबवायचं नाही तो वेग), रोटेट (नाक उचला). व्ही-वन ऐकूच येत नसेल तर बहुतेक वेळा एमसीडीयूच्या (उड्डाणाची माहिती भरायच्या छोट्या संगणकाच्या) परफॉर्मन्स पानावर वेग भरलेले नसतात. ते भरणं तुमचंच काम.

अप्रोचला मात्र वेळ कमी असतो. १४० नॉट्स ग्राउंड स्पीड आणि तीन अंशांचा उतार धरला तर विमान मिनिटाला सुमारे ७४० फूट खाली येतं. १००० फुटांवरून धावपट्टी ऐंशीएक सेकंदांवर असते. त्या उंचीच्या आत विमान पूर्ण तयार हवं, म्हणजे चाकं खाली, फ्लॅप्स जागेवर, वेग स्थिर, चेकलिस्ट पूर्ण. तिथे 'फ्लॅप्स फुल' तीनतीनदा ओरडत बसायला जागा नसते. म्हणून दोन गोष्टी. पहिली, सगळी मागणी नेहमीपेक्षा मैल-दोन मैल आधी सुरू करा. दुसरी, एक वाक्य दोनदाच बोलायचं, तिसऱ्यांदा हात. वर सांगितलेली दोन बटणं त्यासाठीच आहेत. वेगाची मर्यादाही तुम्हीच बघायची: ए३२० मध्ये फ्लॅप्स १ ला २३० नॉट्स, २ ला २००, ३ ला १८५, फुलला १७७. खरा सहवैमानिक 'स्पीड चेक्ड' म्हणून मगच दांडा हलवतो. काही प्रोग्राम वेग जास्त असेल तर नकार देतात, काही मुकाट्याने हलवतात. तुमचा कुठल्या प्रकारचा आहे हे उंचावर असताना एकदा मुद्दाम करून बघा.

गो-अराउंडचा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याचा, सराव तर वेगळा काढून कराच. थ्रॉटल टोगाला (पूर्ण शक्तीवर), 'गो-अराउंड, फ्लॅप्स', तो एक पायरी वर घेतो, 'पॉझिटिव्ह क्लाइम्ब', 'गिअर अप'. लँडिंग यशस्वी होत असतं तोपर्यंत ही वाक्यं कुणी बोलतच नाही, आणि गरज पडते त्या दिवशी प्रोग्रामला नेमका कुठला शब्दक्रम हवा हे आठवत नाही. ती दोन वाक्यं कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. हा को-पायलट तुम्हाला अडवणार नाही. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट १७३ चं डीसी-८ विमान इंधन संपून कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता, सहकाऱ्यांना इंधन संपत आल्याचं दिसत होतं, पण ते ठामपणे त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. दहा जण गेले. पुढच्या वर्षी नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून आज ज्याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात त्या एकत्र कामाच्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली. त्या सगळ्याचा गाभा हाच की दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाने बोलायचं असतं. आपला सॉफ्टवेअरवाला चेकलिस्ट वाचेल, ठरलेले वेग पुकारेल, पण 'चुकीच्या धावपट्टीचा आयएलएस (उतरायला वाट दाखवणारा रेडिओ सिग्नल) लावलाय' असं त्याच्या तोंडून येईल हे धरून चालू नका. इंधन, धावपट्टी, फ्रीक्वेन्सी, मिनिमम्स (धावपट्टी दिसली नाही तर ज्याच्या खाली जायचं नाही ती उंची) यांवरची दुसरी नजरही तुमचीच.

व्हीआर हेडसेट वापरत असाल तर वरचं सगळं अधिकच लागू होतं. कीबोर्ड दिसतच नाही, त्यामुळे तिथे आवाजाला खरोखर पर्याय नाही. ज्यांना हाताच्या त्रासामुळे बारीक नॉब धरणं जमत नाही त्यांनी तर खऱ्या कॉकपिटातल्या वाटणीचा विचार न करता खुशाल सगळं बोलून करावं.

शेवटचा प्रश्न, पैसे कशात घालायचे. एकच विमान मन लावून उडवत असाल तर त्याच विमानासाठी बनवलेलं पॅकेज घ्या, कारण त्यात फ्लो (स्विचेस लावायचा ठरलेला क्रम), चेकलिस्ट आणि वाक्यं एकमेकांत बसवलेली असतात. दर आठवड्याला विमान बदलत असाल तर अनेक विमानांना चालणारं बरं. सेसना १७२ सारखं एकाच वैमानिकाचं विमान असेल तर व्हॉइसअटॅकवर चेकलिस्ट वाचणारी छोटी प्रोफाइल पुरते. घेण्याआधी तुमच्या विमानाची आणि सिमची नेमकी आवृत्ती त्याच्या यादीत आहे का ते बघा. आणि घरात सगळे झोपल्यावर उडवत असाल, तर बटणावरही चालणारं पॅकेज निवडा. वाक्यं तीच, क्रम तोच, फक्त बोलण्याऐवजी एक बटण.