शरीर लवचिक नसलेल्या नवशिक्याला योग शिकताना विकासशील मानसिकतेचा काय उपयोग होतो?

प्रयत्न, योग्य पद्धत आणि मार्गदर्शन यांनी क्षमता वाढवता येते, ही धारणा म्हणजे विकासशील मानसिकता. ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मांडली. ‘माझे शरीर ताठरच आहे’ असे ठरवून बसलेला नवशिका पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून बसून पुढे झुकण्याच्या आसनात) हात पायांपर्यंत पोहोचले नाहीत, की श्वास रोखून कसेबसे पोहोचू पाहतो किंवा सरावच सोडून देतो. शिकण्याची वृत्ती असलेला मात्र नेमके कुठे अडते ते पाहतो: मांडीमागचे स्नायू ओढले जात असतील, तर तो गुडघे किंचित वाकवतो, तळपायांभोवती पट्टा घेतो, पाठीला पोक न काढता खुब्यातून पुढे झुकतो आणि श्वास संथ राहतो की नाही, यावरून आपली प्रगती जोखतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी लवचिकता बहुतांशी स्नायू लांब झाल्यामुळे नव्हे, तर ताण सहन करण्याची तयारी वाढल्यामुळे येते, आणि ती तयारी नियमित सरावाने होते. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक केलेला अभ्यास दृढ होतो, असे पतंजलींनीही योगसूत्रांत (१.१४) म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. खुब्याच्या सांध्यातील हाडांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते व ती सरावाने बदलत नाही, त्यामुळे काहींना पद्मासन कधीच पूर्ण जमत नाही. गुडघ्यात कळ येत असतानाही ‘प्रयत्नाने जमेलच’ म्हणून रेटणे हा या मानसिकतेचा विपर्यास आहे. अशा वेळी सुखासनात बसावे आणि शिक्षकांकडून पर्याय समजून घ्यावा.