तांबड्या समुद्रातल्या मोटरसायकली

प्रश्न : पुतण्याने इजिप्तहून व्हिडिओ पाठवलाय, समुद्राच्या तळाशी मोडकं जहाज आणि आत ओळीने उभ्या मोटरसायकली. तो म्हणतो एनफिल्ड आहेत. मी 35 वर्षं बुलेट चालवतोय, मला काय ओळखता येईना. आणि एवढ्या गाड्या तिथे गेल्या कशा? पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं जायचं म्हणतोय, मालवणला एकदा स्कुबा केलंय, तेवढं पुरे ना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, तुमचे डोळे बरोबर आहेत. त्या बीएसए आणि नॉर्टन. एनफिल्ड हे नाव त्या जहाजाच्या मालाच्या यादीत येतं ते ली-एनफिल्ड रायफलींसाठी, पुतण्याने कुठेतरी अर्धवट ऐकलेलं दिसतंय. अर्थात गंमत म्हणजे रायफल काय आणि तुमची बुलेट काय, दोघींचं नाव इंग्लंडातल्या त्याच एनफिल्ड गावच्या बंदुकीच्या फॅक्टरीवरून आलंय, त्यामुळे पोराला फार बोलू नका.

जहाजाचं नाव थिसलगॉर्म. 1940 साली संडरलंडला बांधलं, नवंकोरं, आणि ही त्याची चौथीच फेरी. 1941च्या जूनमध्ये ग्लासगोहून निघालं, माल पोचवायचा होता अलेक्झांड्रियाला, इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेसाठी. आता नकाशा काढून बघा, सरळ रस्ता भूमध्य समुद्रातून, पण तिथे जर्मन आणि इटालियन विमानं-पाणबुड्या टपून बसलेल्या, म्हणून ही जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, केप टाऊनवरून, तांबड्या समुद्रात वर यायची. तिथे सुएझ कालव्यात कोंडी झालेली, तेव्हा थिसलगॉर्मला सांगितलं, थांबा, नंबर येईपर्यंत नांगर टाकून बसा. आणि ते बसलं, इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या टोकाजवळ, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या जागी, दोन आठवडे.

6 ऑक्टोबर 1941च्या रात्री दीडच्या सुमाराला क्रीट बेटाहून आलेली जर्मन हाइंकेल बॉम्बर विमानं मोठं सैनिकवाहू जहाज शोधत होती, ते काय सापडलं नाही, सापडलं हे. बॉम्ब पडले नेमके मागच्या होल्डवर, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कोठारावर, जिथे दारूगोळा होता. स्फोट एवढा जबरदस्त की डेकवर बांधून ठेवलेली दोन रेल्वे इंजिनं, हो पूर्ण वाफेची इंजिनं, उडून समुद्रात पडली, आजही जहाजाच्या दोन्ही बाजूंना वाळूत पडलेली आहेत. 9 माणसं गेली. वाचलेल्यांना जवळच असलेल्या कार्लाइल या युद्धनौकेने उचललं. अँगस मॅक्ले नावाचा खलाशी एका जखमी साथीदाराला आगीतून उचलून घेऊन बाहेर आला, त्याला नंतर जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळालं.

तर गाड्या अशा गेल्या. ट्रक होल्डमध्ये, ट्रकच्या पाठीवर मोटरसायकली, जागा वाया नको म्हणून, आपल्याकडे टेम्पोत लग्नाचं सामान भरतात तसं. शिवाय रबरी गमबुटांचे ढीग, विमानांचे सुटे भाग, छोट्या चिलखती गाड्या. हा माल ज्या आठव्या आर्मीला जायचा होता त्यात भारतीय चौथी डिव्हिजन होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियनही. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या कुणीतरी शिपायाने त्या गमबुटांची वाट बघितली असेल, असं मला उगीच वाटत राहतं.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, मालवणचं पुरे नाही. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, इथे तळ साधारण 30 मीटरवर. स्कुबाचं पहिलं सर्टिफिकेट म्हणजे ओपन वॉटर, त्याची मर्यादा 18 मीटर, म्हणजे त्यावर अॅडव्हान्स्ड करायलाच लागतं. 30 मीटरवर साध्या हवेने मोजून 20 मिनिटं मिळतात, त्याच्या पुढे अंगात साठलेल्या नायट्रोजनचा हिशोब सुरू. वर जहाज पडलंय त्या सामुद्रधुनीत पाण्याचा करंट जोरदार, दोर सोडला की गेलात वाहून. शर्म अल शेखहून बोट अंधारातच निघते, पोचायला काही तास, उलटीची गोळी आधी घ्या, मी नाही घेतली आणि पहिली डाइव्ह सगळी पोट धरून केली. पहिली बाहेरून फेरी, दुसरी होल्डमध्ये, असा क्रम असतो. टॉर्च दोन घ्या, एक आत नेमका बंद पडतो.

प्रश्न : तिथून आठवण म्हणून काही आणलं तर? – एक वाचक, पनवेल

उत्तर : नको. 1950च्या दशकात फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कूस्तोने जहाज शोधलं तेव्हा तो एक मोटरसायकल आणि घंटा वर घेऊन गेला, नंतर जागा बरीच वर्षं विस्मृतीत गेली, 1990च्या दशकात पुन्हा सापडली आणि मग लोकांनी जे हाताला लागेल ते नेलं, गाड्यांचे लाइट, डॅशबोर्ड, काय काय. बोटी बरीच वर्षं थेट जहाजाच्याच पत्र्याला दोर बांधायच्या, ओढून ओढून पत्रा फाटला. आणि आत सोडलेले बुडबुडे छताला अडकतात, त्या हवेने लोखंड अजून भराभर गंजतं, म्हणजे आपण नुसता श्वास सोडला तरी नुकसान. ही त्या 9 जणांची जागा आहे हे वेगळंच.

प्रश्न : इतक्या लांब कशाला, आपल्याकडे नाही का असं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोव्यात ग्रँड आयलंडजवळ बुडालेली जहाजं आहेत, डाइव्ह शॉपवाले नेतात, खोली कमी पण पाणी गढूळ असतं, थिसलगॉर्मसारखं दिसेल अशी आशा ठेवू नका. गोष्ट हवी असेल तर मुरगावची घ्या, तिथे 1943च्या मार्चमध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवकांच्या पलटणीचे पोट सुटलेले हौशी साहेब एका जर्मन मालवाहू जहाजावर, एरेनफेल्सवर, चाल करून गेले आणि जर्मन खलाशांनी आपलं जहाज आपणच बुडवलं. त्यावर लिहायला घेतलं तर हा अंक पुरायचा नाही, पुढच्या महिन्यात विचारा.