‘धिस इज अमेरिका’च्या व्हिडिओत एवढा रक्तपात दाखवायची खरंच गरज होती का?

होती. गोळ्या न झाडता हाच मुद्दा मांडता आला नसता का, असंही तुम्ही विचारलंय. आला असता. पण मग इतक्या वर्षांनी तुम्ही त्यावर प्रश्न विचारायला बसला नसतात.

व्हिडिओ पाहिलेला आहे असं धरून बोलतो. मे २०१८, अमेरिकन रॅपर चाइल्डिश गॅम्बिनो म्हणजेच डोनाल्ड ग्लोव्हर, दिग्दर्शक हिरो मुराई. सगळे गोळीबद्दलच भांडतात. माझ्या मते पाहण्यासारखं जे आहे ते गोळीनंतर आहे. नाचता नाचता ग्लोव्हर डोक्यावर पिशवी चढवलेल्या माणसाला गोळी घालतो, की एक पोरगा धावत येतो, लाल कापड पुढे करतो आणि पिस्तूल त्यात अलगद घेतो, देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं. मेलेल्या माणसाला मात्र फरफटत नेतात. पुढे गाणाऱ्या पथकावर रायफल चालते, तेव्हाही बंदूक पुन्हा लाल कापडातच जाते. १७ जून २०१५ ला अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारलं होतं. हा शॉट पाहून अनेकांना तेच आठवलं. आता गोळी काढून टाका आणि ते कापड कुठे ठेवायचं ते मला सांगा.

मला हे एवढं लागतं त्याला कारण आहे.

२०१८ च्याच दिवाळीनंतर आम्ही चार मित्रांनी नागपूरच्या इतवारीत एक रॅप शूट केला. विषय गडर लाइनचा, म्हणजे जमिनीखालच्या गटारांचा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात जीव गेला तर घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं होतं. तरी माणसं उतरतच होती, मरतच होती. गाणाऱ्याला आम्ही पांढराशुभ्र सदरा घातला. तो समोर नाचतो, पोरंपोरी त्याच्या मागेमागे नाचतात, आणि त्याच फ्रेममध्ये मागे एक माणूस दोरीने चेंबरमध्ये उतरतो. दोरी हलते, हलते, मग हलत नाही. नाचणारा एकदाही मागे बघत नाही. ग्लोव्हरच्या मागे पळापळ चाललेली असते आणि आपलं लक्ष नाचावरच राहतं, ती युक्ती आम्ही सरळ तिथूनच घेतली होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलेजच्या गॅदरिंगला तो लावला. दोरी हलायची थांबली तिथे एका सरांनी उठून प्रोजेक्टर बंद केला. “पाहुण्यांसमोर हे काय दाखवता?” एवढंच. त्याच महिन्यात ‘धिस इज अमेरिका’ला चार ग्रॅमी मिळाले. त्यातला एक व्हिडिओचा होता, आणि साँग ऑफ द इयर व रेकॉर्ड ऑफ द इयर हे दोन्ही मिळवणारं ते पहिलं रॅप गाणं ठरलं. आम्हाला तिकडे प्राचार्यांना माफीपत्र लिहून द्यावं लागलं. चौघांच्या सह्या त्यावर आहेत.

सरांचं मी विसरलो असतो. काकांचं विसरता येत नाही. काका दरवर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मोहल्ल्याचा बडग्या करतात, मिरवणुकीत फिरवून जाळायचा पुतळा. बांबूच्या कामट्या बांधायच्या, रद्दीचे थर द्यायचे, वरून रंग आणि गळ्यात पाटी. भ्रष्टाचार, महागाई, अतिरेकी, जो त्या वर्षीचा विषय असेल तो. त्याच मिरवणुकीत मारबत हा बाईचा मोठा पुतळा असतो; काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” हे ओरडण्यात अख्खं शहर रस्त्यावर असतं. पुढाऱ्याच्या पुतळ्याला चपलांचा हार घालणारा हा माणूस माझा व्हिडिओ अर्धा पाहून म्हणाला, “काहून रे, हे घाण लोकाइले दाखवून काय भेटते तुले?”

मी म्हटलं, काका, तुम्ही काय वेगळं दाखवता? तर म्हणाले, “बडग्या संध्याकाळी जळते. मामला खतम होते. तुह्यावालं हे जळत नाही ना बाप्पा.”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, गप्प बसलो. आज सांगतो. बडग्या जाळला की आपण ओरडून मोकळे होतो आणि हातपाय धुऊन जेवायला बसतो. महागाई तिथेच असते, पुढच्या वर्षी पुन्हा तिचाच बडग्या. मला मारबत मनापासून आवडते, लहानपणी काकांच्या खांद्यावर बसूनच ती पाहिली आहे. पण माणूस गुदमरून मरतो ते संध्याकाळी जाळून संपवण्यासारखं नाही. ग्लोव्हरच्या व्हिडिओत शेवटपर्यंत कुणालाही शिक्षा होत नाही, कुणी रडत नाही. शेवटी तो अंधारात जिवाच्या आकांताने पळत असतो आणि तिथेच सगळं थांबतं. आपल्याला ओरडायला जागाच ठेवलेली नाही. तुम्हाला जो त्रास झाला तो त्याचा आहे, आणि तो व्हायलाच हवा होता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांच्या घरचं माणूस तसं गेलंय त्यांच्यासाठी तो रायफलचा शॉट मुद्दा नसतो, ती जखम असते. त्यांनी नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. लहान पोरांना तर दाखवूच नका. आणि केवळ व्ह्यूज मिळावेत म्हणून तलवारी, दारूच्या बाटल्या नाचवणारे जे व्हिडिओ येतात त्यांची बाजू मी घेत नाहीये. तिथे मेलेल्या माणसाकडे कॅमेरा कधी वळतच नाही.

आमचंही एक चुकलं. ज्यांचं ते काम, त्यांच्यापैकी कुणालाच आम्ही विचारलं नव्हतं. मोहल्ल्यात साफसफाईला येणाऱ्या एका भाऊंनी नंतर मोबाईलवर व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, आणि दोरीवर बोट ठेवून म्हणाले, “कमरेले नाही बांधत. काखेखालून बांधतेत. गॅसनं माणूस बेहोश झाला तं कमरेतून उलटा होते, मंग वर येत नाही.” घाण दाखवली म्हणून ते चिडले नाहीत. दोरी चुकीची दाखवली, एवढंच त्यांना खटकलं. तो शॉट आम्ही पुन्हा घेतला, काखेखालून बांधून, गाठ त्यांच्याकडूनच मारून घेतली.

काका, हा बदललेला व्हिडिओ तुम्ही पाहिलेला नाही. साडेतीन मिनिटांचा आहे. पोळ्याला येतोय, कामट्या बांधायला बसू तेव्हा लावतो.