रिपोर्टवर 'कोरोना' आहे? कोणता, ते विचारा

भाऊ, तुमची धुळ्याची पोस्ट वाचली. दोन महिन्यांचं पिल्लू, जुलाब, 'नाइन-इन-वन' (नऊ घटकांची एकत्र लस, त्यात कोरोनाही) टोचलेली, तरी कोरोना पॉझिटिव्ह. मोठा कुत्रा खोकतोय आणि शेजारी म्हणताहेत, "त्या कुत्राले वावरमा सोडी या." मला २०२१ च्या मे महिन्यातलं आमचं भुसावळ आठवलं.

मी डॉक्टर नाही, कुत्री पाळणारा माणूस. तेवढ्यापुरतंच धरा.

माझ्याही कागदावर एकच शब्द होता: कोरोना. त्या दिवसांत तो शब्द वाचला की डोकं चालायचंच बंद. घरच्यांना लागण होईल म्हणून पिल्लू मोरीत कोंडलं आणि पार्वोची, म्हणजे पिल्लांना जुलाबाने मारणाऱ्या दुसऱ्या विषाणूची, तपासणी केलीच नाही. कुत्र्यांच्या आतड्याचा कोरोना आतल्या अस्तरावरच्या बारीक अंकुरांची टोकं खातो. पार्वो त्यांच्या मुळाशी, नव्या पेशी तयार होतात तिथेच घाव घालतो. दोन्ही सोबत आले की झीज भरत नाही. चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. मग त्याच्या भावाची कार्ड टेस्ट (विष्ठेची झटपट तपासणी) केली, तेव्हा पार्वो कळला. तपासणी केंद्रात फोन करून विचारलं, कोणता कोरोना? "कोरोना म्हणजे कोरोना, साहेब." पैसे मात्र आधी रोख मोजून घेतले होते.

आता तुमचा खोकला. कुत्र्यांचे कोरोना दोन वेगळे, एक आतड्याचा आणि एक खोकल्याचा. आतड्याचा कोरोना अल्फा गटातला. त्याचे टाइप १ आणि २, आणि दोघांचं काट्याचं प्रथिन (स्पाइक, ज्याने विषाणू पेशीला चिकटतो) जेमतेम निम्मं जुळतं. टाइप २ चा एक उपप्रकार तर डुकरांच्या विषाणूचा तुकडा घेऊन बसलाय. २००५ मध्ये इटलीत याच टाइप २ च्या एका वाणाने सगळं शरीर पोखरून पिल्लं मारली. खोकल्याचा कोरोना मात्र बीटा गटातला, गाईगुरांच्या कोरोनाचा भाऊबंद. तो २००३ मध्ये इंग्लंडात सापडला. तुमच्या लसीतला कोरोना आतड्याचा. खोकल्याला तिचा उपयोग शून्य. आतड्यासाठीही ती घ्या असं जागतिक लसीकरण मार्गदर्शन म्हणत नाही. माझं मत विचाराल तर नऊच्या आकड्याला भुलू नका, पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांचे डोस वेळेवर द्या.

टाइप १ की २ हे शोधण्यात पैसे घालू नका, सलाईन तेच लागतं. तरी पीसीआरला नमुना पाठवायचाच असेल तर बर्फात पाठवा. आपल्याकडच्या ४४ डिग्रीत एसटीच्या पार्सलमध्ये विषाणूचा आरएनए (पीसीआर जो शोधते ते जनुकीय द्रव्य) टिकत नाही.

शेजाऱ्यांना सांगा, कोविडचा विषाणू वेगळा. मलेशियातल्या सारावाकमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत कुत्र्याच्या वंशाचा एक कोरोना सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणून हात धुवा. वावरात सोडायचं काही कारण नाही.

आणि फिनाईलवर विसंबू नका, पार्वो त्याला दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. पिल्लाची पार्वो कार्ड टेस्ट आजच करा आणि काय निघालं ते इथे लिहा.