पहिला फ्लॅश घेतलाय? मग आधी एवढंच

भावा, सॉफ्टबॉक्स, ग्रिड, रंगीत जेल असलं फ्लॅशवर लावायचं सामान एकदम मागवू नकोस. एक फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश पेटवणारा), स्टँड आणि उजेड मऊ करायला पांढरी छत्री, बास. टीटीएल (फ्लॅशची पॉवर आपोआप ठरणं) आणि हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरवर फ्लॅश वापरणं) नंतर बघू.

फ्लॅश मॅन्युअलवर, पॉवर १/१६ (पूर्ण ताकदीचा सोळावा भाग). कॅमेरा आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/१६०. चेहरा जास्त उजळला तर पॉवर उतरव. शटरनं फ्लॅशचा उजेड बदलत नाही, मागच्या दृश्याचा उजेड बदलतो. कोल्हापुरात रंकाळा तलावावर संध्याकाळी आभाळ गडद हवं असेल तर शटर १/२०० कर. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२५० च्या पुढं गेलं की फोटोत काळा पट्टा येतो. आणि तिथला वारा छत्रीसकट स्टँड पाडतो, खाली जड बॅग अडकव.

नवशिके इथं चुकतात:

- छत्री लांब ठेवतात, मग सावल्या कडक पडतात. चेहऱ्यापासून मीटरभरावर आण.
- घरात छतावर फ्लॅश मारतात. पांढऱ्या स्लॅबला झकास; जुन्या वाड्यातलं काळपट लाकूड उजेड गिळतं, हिरवी भिंत चेहरा हिरवा करते.
- साधे सेल घालतात. फ्लॅश भरायला वेळ लागतो, ऐन क्षणी पेटतच नाही. रिचार्जेबल घे.

तालमीत कुस्ती टिपताना फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, बाजूला धर. नाहीतर उडालेल्या मातीचे पांढरे ठिपके फोटोभर दिसतात.