भारत नॅनोतंत्रज्ञान संशोधनात जगात आघाडीवर येईल का? माझ्या मुलीने त्यात पीएचडी करावी का?

पेपर मोजायचे असतील तर आपण कधीच आघाडीवर पोचलोय. नॅनोविज्ञानातल्या शोधनिबंधांच्या संख्येत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ आपला नंबर लागतो. सुरुवातही उशिरा झाली नाही. अमेरिकेने २००० साली आपला राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, आपला २००१ मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये सी. एन. आर. राव यांच्या अध्यक्षतेखाली नॅनो मिशन आलं, पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये. पैसे आले, मशीनं आली. मशीन चालवणाऱ्या माणसाचा मात्र कुणी विचारच केला नाही, आणि माझ्या मते आपलं घोडं तिथेच अडलंय.

मी नऊ वर्षं एका विद्यापीठात टीईएम चालवला, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, इलेक्ट्रॉनांच्या बीमने (झोताने) अतिसूक्ष्म कण दाखवणारा. कोट्यवधींचं मशीन आणि माझी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की ब्रेक, मग नवी ऑर्डर.

२०१२ सालची गोष्ट. परभणीकडचा एक पीएचडीचा मुलगा रात्रीच्या गाडीने आला होता. सॅम्पलच्या बाटल्या चांदीच्या कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलेल्या. झाडाच्या पानांच्या अर्कातून त्याने चांदीचे नॅनोकण केले होते. ग्रिडवर, म्हणजे नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर, थेंब टाकला, वाळवला, आत घातला. कण सुंदर दिसले, वीस नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आसपासचे. तो फोटो घेऊन निघायच्या बेतात होता, पण मला कडा खटकल्या. बीमखाली ते कण हळूहळू विरघळल्यासारखे होत होते, चांदी अशी वागत नाही. ईडीएस, म्हणजे नमुन्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते क्ष-किरणांवरून सांगणारा डिटेक्टर, लावला तर आलेखावर चांदीच्या शेजारी क्लोरीनचं शिखर उभं. ती चांदी नव्हतीच, सिल्व्हर क्लोराइड होतं. अर्कातल्या क्षारांमुळे झालेलं. मुलगा रडकुंडीला आला, पण चुकीचा पेपर छापला जायचा वाचला.

ते शिखर दाखवणारा डिटेक्टर जुन्या पद्धतीचा होता. त्याला थंड ठेवायला सतत लिक्विड नायट्रोजन लागायचा, आठवड्यातून दोनदा मी भरायचे. टाकीत लाकडी पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं दंव धरेल तिथवर पातळी. साधं काम, पण चुकवून चालत नाही.

त्या वर्षी माझी ऑर्डर ३१ ऑक्टोबरला संपली आणि नवी दिवाळीनंतर निघणार होती. मी विभागप्रमुखांना म्हटलं, पगार नको, पण सुटीत दर तीन दिवसांनी येऊन भरते, खोलीची किल्ली द्या. ते म्हणाले, सध्या तुम्ही कर्मचारी नाही, किल्ली देता येणार नाही. आणि त्यात काय एवढं, बटणं तर दाबायची, एखादा जेआरएफ (पीएचडी करणारा कनिष्ठ संशोधक) बसवू. जेआरएफ दिवाळीला गावी गेला. सुटीनंतर मी पट्टी बुडवली तर ती कोरडी ठणठणीत वर आली.

परत थंड केल्यावर डिटेक्टर चालू झाला, पण शिखरं फुगली, पसरली. क्लोरीनचं शिखर २.६ आणि चांदीचं ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, दोन्ही शेजारीशेजारी. ती एकमेकांत मिसळून गेली. म्हणजे परभणीच्या मुलाची चूक दिवाळीआधी सापडली. तीच चूक घेऊन दिवाळीनंतर कुणी आलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दुरुस्तीला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नव्हती. कोटेशन, खरेदी समिती, परदेशातून सुटा भाग, यात चौदा महिने गेले. तेवढ्या काळात त्या मशीनवरचे फोटो घालून किती पेपर छापले गेले, ते मी पाहिलंय. कण चांदीचेच आहेत हे त्यांतल्या एकालाही खात्रीने सांगता आलं नसतं.

म्हणून पेपरांच्या संख्येवर माझा विश्वास नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) बुरशीपासून आणि वनस्पतींच्या अर्कातून सोन्याचांदीचे कण केले गेले तेव्हा ते काम नवं होतं, जगाने दखल घेतली. त्यानंतर तुळस, कडुलिंब, जास्वंद, एकेक पान घ्यायचं आणि एकेक पेपर काढायचा, हे संशोधन नव्हे. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातलं आर्सेनिक काढणारे पदार्थ केले आणि ते गावांतल्या पाण्याच्या यंत्रणांपर्यंत नेले. आघाडी म्हणायची तर याला म्हणा.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. मोठ्या संस्थांत कायमचे ऑपरेटर असतात. आयआयटी मुंबईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही काम करता येतं, २०२० पासून आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, आणि नवे डिटेक्टर नायट्रोजनशिवाय चालतात. पण बटणं दाबायला कुणीही चालतो हा समज नव्या डिटेक्टरने जात नाही. त्या विभागप्रमुखांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते: सर, त्या मुलाला क्लोरीन बटणाने दाखवलं नव्हतं.

मुलीला पीएचडी करू द्या, विषय उत्तम आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी तिच्यासोबत त्या विभागात जा. गाइडचे पेपर किती, हे नंतर विचारा. आधी मायक्रोस्कोपच्या खोलीत जाऊन ऑपरेटरला भेटा, त्याची ऑर्डर किती महिन्यांची आहे ते विचारा. आणि मशीनशेजारची लॉगबुक उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे तेवढं बघून या.